उसात कोण आहे?

पौड मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या पाट्या सुरू होतात. मुळशी धरणाच्या काठाकाठाने ताम्हिणीपर्यंत त्या संपत नाहीत. जुलैतल्या शनिवारी रात्री यातल्या एखाद्या भाड्याच्या बंगल्यात काय चाललेलं असतं, हे पुण्यातल्या तरुण मंडळींना सांगायला नको. गावातली मावशी भाकऱ्या थापून, रस्सा झाकून आपल्या घरी निघून गेलेली असते. पत्र्यावर पाऊस धो धो कोसळत असतो, मोबाइलला रेंज नसते आणि कुणीतरी घरूनच उतरवून आणलेला भयपट लॅपटॉपवर लावतं. दोन तासांनी चित्रपट संपतो, तेवढ्यात लाइट जातात, आणि मागच्या पडवीतल्या बाथरूमपर्यंत एकट्याने जायला कुणीही उठत नाही. वीस पावलांचं अंतर असतं. पण ती वीस पावलं आता तासाभरापूर्वीची राहिलेली नसतात.

चित्रपटात असं होतं तरी काय? कित्येकदा फार काही नसतं. एक घर, तीन-चार माणसं, थोडा अंधार. कोट्यवधी रुपयांचे राक्षस पाहून जांभया देणारा प्रेक्षक अशा चित्रपटाने मात्र दोन रात्री झोपेतून दचकून उठतो. मराठीत याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला, जुलै २०१७ मध्ये चित्रपटगृहात आलेला ‘लपाछपी’.

नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गरोदर आहे. नवऱ्याने घेतलेल्या कर्जापायी गुंड मागे लागलेत, म्हणून दोघं शहर सोडतात आणि ड्रायव्हर भाऊरावच्या गावाकडच्या घरी आसऱ्याला येतात. घराच्या चारी बाजूंना ऊस. घरात भाऊरावची बायको तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. ही बाई नेहाला जपते, खाऊपिऊ घालते, काय करायचं आणि काय नाही ते बजावते. नेहाला मात्र मुलांचे आवाज ऐकू येऊ लागतात. उसात मुलं खेळत असतात, आणि ती मुलं तिच्याशिवाय कुणालाच दिसत नाहीत.

सामग्री एवढीच. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी पात्रं, एक घर आणि एक शेत. त्यातही या चित्रपटाने एक धाडस केलं. भीतीचे कितीतरी प्रसंग त्याने भर दिवसा ठेवले. उन्हात, वाऱ्यावर सळसळणाऱ्या हिरव्यागार उसात. भुताच्या गोष्टीत सकाळ झाली की सुटका होते, हा प्रेक्षकाचा लहानपणापासूनचा भरवसा. इथे तोच काढून घेतला.

उसाची ही निवड इतकी अचूक आहे की तिच्यापाशी थोडं थांबायला हवं. तोडणीला आलेला ऊस माणसाच्या डोक्यावरून चार-पाच फूट वर जातो. आत शिरलं की दहा पावलांत बांध दिसेनासा होतो. पानांच्या कडा करवतीसारख्या. मान, हात, गाल चरचरू लागतात. वारा पडलेला असला तरी पाचट पायाखाली करकरतं, आणि आवाज आपल्याच पायांचा की दुसऱ्या कुणाच्या, ते चटकन कळत नाही. पुणे जिल्ह्यातच, जुन्नर-आंबेगावकडे, बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते. ऊसतोडीच्या हंगामात फडात बछडे सापडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. तिथल्या माणसाला उसातून आलेला आवाज ही गंमतीची गोष्ट वाटत नाही. पश्चिम मुळशी भाताची, तिथे खाचरं आणि रान. तालुक्याच्या पूर्वेला, कासारसाई-दारुंब्रेच्या अंगाला, साखर कारखाना आहे आणि ऊसही. सांगायचा मुद्दा असा की हे शेत प्रेक्षकाच्या ओळखीचं आहे. एखाद्या निर्मात्याने लाखो रुपये खर्चून भुलभुलैयाचा सेट उभारला असता, तरी तो प्रेक्षकाने आधी पाहिलेला नसता. उसाच्या कडेने तो शेकडो वेळा गेलेला आहे. पुढच्या वेळी जाईल तेव्हा ‘लपाछपी’ त्याच्याबरोबर असेल.

कमी पैशांतला चांगला भयपट हे नेहमी करतो. तो भीती नव्याने तयार करत नाही, प्रेक्षकाच्या घरात जी पडून आहे तीच मागून घेतो.

ही युक्ती जुनी आहे. १९४२ साली हॉलिवूडच्या आरकेओ कंपनीने निर्माता व्हॅल ल्यूटन यांच्यापुढे एक नाव टाकलं, ‘कॅट पीपल’, आणि या नावाचा चित्रपट करा म्हणून सांगितलं. दीड लाख डॉलरच्या आत सगळं बसवायचं होतं. जिना हवा होता, तर ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’साठी आधी बांधलेलाच वापरला. रागावली की बिबट्या होणारी बाई दाखवायची कशी? दिग्दर्शक झाक तूर्नर यांनी ती शक्य तितकी दाखवलीच नाही. रात्री एक तरुणी बागेच्या भिंतीकडेने चालली आहे. टाचांचा आवाज येतोय, तिच्या मागे आणखी एका जोडीच्या टाचा वाजताहेत. मग मागचा आवाज थांबतो. ती वळून बघते, तर रस्ता रिकामा. ती भरभर चालू लागते, झाडाची फांदी हलते, आणि एकदम कानाशी जनावर फिस्कारावं तसा आवाज येतो. ती बस असते. थांब्यावर थांबलेली साधी बस, आणि तिच्या ब्रेकची हवा. प्रेक्षक खुर्चीतून उडाले. या प्रसंगावरून असल्या क्लृप्तीला सिनेमावाले आजही ‘ल्यूटनची बस’ म्हणतात. संध्याकाळी मुळशीच्या रस्त्यावर धुक्यात एकटं उभं राहून एसटीची वाट पाहिलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. वळणावर ब्रेक लागतो तेव्हा येणारा फुस्स आवाज त्याच्या अंगावर आधीच काटा आणून गेलेला असतो.

पुढे ही वाट अनेकांनी धरली. कॅलिफोर्नियातल्या ओरेन पेली यांनी स्वतःच्याच घरात, आठवडाभरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ चित्रित केला. कॅमेरा तिपाईवर, समोर बिछाना, कोपऱ्यात पळणारं घड्याळ. त्यातला सर्वांत भयंकर क्षण असा: बाई झोपेतून उठते आणि झोपलेल्या जोडीदाराकडे बघत नुसती उभी राहते. घड्याळ सरसर पुढे सरकतं, तास उलटतात, ती उभीच. कसलाही मेकअप नाही, संगीत नाही. त्या चित्रपटाने जगभरात १९ कोटी डॉलरहून अधिक कमावले.

आपल्याकडे रामसे कुटुंबानेही तुटपुंज्या पैशांतच सुरुवात केली. सात भाऊ, घरातल्याच बायकांनी सांभाळलेला स्वयंपाक आणि महाबळेश्वरचं विश्रामगृह, एवढ्यावर त्यांनी १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ उभा केला. त्यांची भुतं मात्र दाखवायची भुतं होती. मातीने माखलेली, सडलेल्या चेहऱ्याची. ती गंमत वेगळी. मनाच्या आत शिरणारा हिंदी चित्रपट पाहायचा तर राम गोपाल वर्मा यांचा १९९९ चा ‘कौन’ घ्यावा. एक बंगला, बाहेर पाऊस, आत ऊर्मिला मातोंडकर, दारावर मनोज वाजपेयी, आणि एकही गाणं नाही. दार उघडावं की उघडू नये, एवढ्या एका प्रश्नावर तो प्रेक्षकाला कितीतरी वेळ अडकवून ठेवतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’चं. ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात तीन नवखे कलाकार आठ दिवस हिंडले. कॅमेरे त्यांच्याच हातात. दिग्दर्शक त्यांच्यासाठी रोजच्या सूचना चिठ्ठ्यांवर ठेवून जात आणि दिवसागणिक खाणं कमी करत. चित्रणाला काही हजार डॉलर लागले आणि चित्रपटाने २४ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला केला. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. दिसतात ती वाट चुकलेली तीन माणसं, दिवसभर चालून पुन्हा त्याच ओढ्यावर येणारी.

मराठी माणूस याला एका शब्दात नाव देईल: चकवा.

ताम्हिणीच्या रानात हा शब्द पोकळ वाटत नाही. पिंपरीहून भिऱ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर अंधारबन आहे. नावच सगळं सांगतं. झाडी इतकी दाट की भर दुपारी ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढचा माणूस दहा हातांवर असूनही पुसला जातो. अशा जागी वाट चुकलेला माणूस फिरून फिरून तिथेच येतो, आणि गावातली माणसं म्हणतात, चकव्याने धरलं. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या मॅक्स प्लांक संस्थेत यान सोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. २००९ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लोकांना एका मोठ्या सपाट जंगलात सोडलं, सरळ चालत राहा म्हणून सांगितलं आणि त्यांच्या वाटा उपग्रहाच्या मदतीने नोंदल्या. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलेल्या दिवशी मात्र ती गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडली, आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळे बांधून चालवल्यावर तर काही जण वीस मीटरहून कमी व्यासाच्या गोलात गरगरत राहिले. दिशेचं भान ठेवायला मनाला बाहेरची एखादी खूण लागते. ती नसली की लहान लहान चुका साठत जातात आणि पाय वळतात. चकवा लागला तर जागच्या जागी बसून राहावं, उजाडलं की वाट सापडते, असं जुनी माणसं सांगत आली. उजाडलं म्हणजे सूर्य आला. त्यांचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता.

‘ब्लेअर विच’ने पैसे नव्हते म्हणून नेमकी हीच भीती वापरली. कलाकारांचं थकणं खरं होतं, भूक खरी होती. धुक्यातल्या आपल्या घाटात असा चित्रपट अजून पाहायला मिळाला नाही, याची मनापासून हळहळ वाटते.

चित्र नसलं तरी आवाज असतो, आणि आवाज स्वस्त पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डॅनियल ब्लुमस्टाइन मार्मोट नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करत होते. पिल्लू हातात पकडलं की ते असं काही किंचाळे की धरणाऱ्याचा हात सैल पडावा. फार जोर लावल्याने फाटलेला, सुराबाहेर गेलेला तो आवाज होता. मग त्यांनी शंभराहून जास्त चित्रपटांचे ध्वनिपट्टे तपासले, तर भयपटांतही असेच फाटलेले आवाज मुद्दाम वापरलेले सापडले. संगीतकारांनी शास्त्र वाचलं नव्हतं, त्यांच्या कानांना ते ठाऊक होतं. जीव धोक्यात आलेल्या पिल्लाचा आवाज कोणत्याही सस्तन प्राण्याला आरपार कापत जातो. ‘लपाछपी’त आवाज लहान मुलांचा आहे आणि ऐकणारी बाई गरोदर आहे, हे इथे ध्यानात घ्यायला हवं.

मुळशीचं रान आवाजाच्या बाबतीत कुणाला हार जाणारं नाही. रात्री भेकर भुंकतं ते कुत्र्यासारखं, पण एकेकटं, घोगरं, थांबून थांबून. पहाटे पाऊस उघडतो आणि ओढ्याच्या बाजूने कुणीतरी शीळ घालतं. चाल अर्धवट आठवणाऱ्या माणसासारखी, सूर चढवत, मध्येच सोडून देत. तो शीळकरी कस्तूर पक्षी असतो. नाव ठाऊक असलेल्याला ती शीळ मोहून टाकते, आणि नाव ठाऊक नसलेला पांघरूण डोक्यावर ओढून घेतो.

पण मग माणूस पदरचे पैसे देऊन घाबरायला का जातो? डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली याचा छडा लावायचा प्रयत्न केला. जत्रेतल्या भूतबंगल्यासारख्या एका खेळघरात शिरणाऱ्या ११० जणांच्या छातीला त्यांनी ठोके मोजणारी यंत्रं बांधली. भीती फार थोडी वाटली त्यांना मजा आली नाही, फार जास्त वाटली त्यांनाही आली नाही. मधल्या पट्ट्यातले लोक सगळ्यात खूश होऊन बाहेर पडले. आपल्या परंपरेने हीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडवली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात भय हा स्थायीभाव आणि त्यातून येणारा भयानक हा रस, म्हणजे चाखायची गोष्ट. साधारण हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने त्याचं उदाहरण दिलं ते शाकुंतलातल्या हरणाचं; दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून मागे बघत धावणारं. प्रेक्षकाला ते भय भिडतं, पण ते माझं नसतं आणि माझ्या शत्रूचंही नसतं. कुणाचंच नसलेलं भय निवांत चाखता येतं. मात्र यातही एक मेख आहे. अभिनवगुप्ताने उदाहरणाला शिकारी घेतला नाही, घाबरलेलं हरीण घेतलं. कमी पैशांतला कॅमेराही नेमकं हेच करतो. राक्षस परवडत नाही, म्हणून तो घाबरलेल्या चेहऱ्यावर खिळून राहतो, आणि भीती तिथूनच पसरते.

मराठी वाचकाला असं भय नवीन नव्हतं. पुण्याच्या नारायण धारपांची पुस्तकं वाचनालयांतून इतकी फिरली की पानं पिवळी आणि पुठ्ठे ढिले झाले. स्टीफन किंगच्या कादंबरीवरून त्यांनी ‘लुचाई’ लिहिली आणि रक्तपिपासू परदेशी पाहुण्याला आपल्या मातीत रुजवलं. पुढे राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’मागेही धारपांच्या कथेची प्रेरणा होती. ‘तुंबाड’ स्वस्त चित्रपट नव्हे, पण त्याचा जीव वर्षानुवर्षांच्या खऱ्या पावसात आणि सासवडच्या जुन्या वाड्यात आहे. रत्नाकर मतकरींची गूढकथा याहून वेगळी. तिला वाडा लागत नाही, शहरातली खोली पुरते. शेजारी राहणारं साधं माणूस, घरातलंच एखादं मूल, आणि मनात बारीकशी खोट. ती खोट वाढत जाते आणि वाचक दिवा चालू ठेवून झोपतो.

पडद्यावरही हे आधी होऊन गेलं होतं. वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ मध्ये आला. आशा काळे, काशिनाथ घाणेकर, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. लोकांच्या लक्षात राहिली ती गाणी आणि नरसूच्या भुताची दहशत. चित्रपटाचा गाभा मात्र एका तरुणीच्या दुखावलेल्या मनात आहे. भूत गावात फिरतं असं सगळ्यांना वाटत असतं आणि त्याची मुळं तिच्या भूतकाळात सापडतात. मानसशास्त्रीय भयपट हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी हे झालं. त्या चित्रपटाचं मोल आजही पुरतं ओळखलं गेलेलं नाही.

स्वस्त भयपट सगळेच चांगले असतात असं मुळीच नाही. बहुतेक फसतात, आणि एकाच कारणाने फसतात. दर सात मिनिटांनी दार आपटतं, आरशात चेहरा येतो, कानठळ्या बसवणारा आवाज होतो. प्रेक्षक दचकतो, पण दचकणं आणि घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांजर अंगावर पडलं तरी माणूस दचकतो, घरी जाऊन त्याची आठवण ठेवत नाही. आठवण राहते ती खरी असू शकणाऱ्या गोष्टीची.

‘लपाछपी’त ती गोष्ट कोणती? मुलगी नको असणं. उसातले आवाज, तुळसाबाईची माया, घरातल्या रीतींचा जाच, सगळे धागे तिथे जाऊन मिळतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही २०११ च्या जनगणनेत ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. हे आकडे चित्रपटात कुणी वाचून दाखवत नाही. आठ महिन्यांच्या पोटावर हात ठेवून उसात एकटी उभी असलेली बाई दिसते, आणि प्रेक्षकाला कळत जातं की तिने भुतांपासून पळायचं नाहीये. ज्यांनी आसरा दिला त्यांच्यापासून पळायचंय. शहरातून गावाकडे आलेलं जोडपं आणि घर सांभाळणारी गावातली माणसं ही मांडणी जगभरच्या भयपटांत झिजून गेली होती. इथे ती पुन्हा धारदार झाली, कारण पातं गावाकडे रोखलेलं नाही, रीतीकडे रोखलेलं आहे. फुरिया यांनीच २०२१ मध्ये नुसरत भरुचाला घेऊन हिंदीत ‘छोरी’ केला, तेव्हाही भाषा बदलली, कलाकार बदलले, पण ऊस तसाच राहिला.

मुळशीच्या त्या बंगल्यात एव्हाना कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावलेला असतो आणि चौघं मिळून पडवीपर्यंत जाऊन आलेले असतात. हसणं सुरू झालेलं असतं. भाकऱ्या करून गेलेली मावशी अशाच अंधारातून घरी गेली, हे त्या हसण्यात कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या वाटेवर खाचरांचे निसरडे बांध होते, गवतात फुरसं असू शकत होतं, आणि पुलापाशी मोटारसायकल थांबवून बसलेल्या अनोळखी माणसांची तिला त्याहून जास्त धास्ती होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅटरी. मागून गाडीचा उजेड आला की ती बांधाच्या कडेला उभी राहायची, गाडी पुढे जाईपर्यंत थांबायची, आणि मग पुन्हा चालू लागायची.